काळ्या दातांची डाक्तरीण

माझी नात यंदा दातांच्या डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष करतेय, ते इंटर्नशिप म्हणतात ते. परवा फोनवर कुरकुरत होती. "आजी, दिवसभर नुसते लोकांचे दात घासून पांढरे करायचे. यात काय शिकायचं?" मी म्हटलं, "तू निदान पांढरे तरी करतेस. माझं ते वर्ष दात काळे करण्यात गेलं." तिला वाटलं, आजीची थट्टा चाललीय. फोन ठेवायची घाई होती तिला. मला कसलीच घाई नाही, म्हणून सावकाश सांगते.

आधी कोटाबद्दल. कारण त्या वेळची मी सगळीच्या सगळी त्या कोटात होते. मुंबईला मामांकडं राहून शिकले, परीक्षा पास झाले, आणि पहिलं काम काय केलं, तर कडक कापडाचा पांढरा कोट शिवून घेतला. त्याच्या वरच्या खिशात दात बघायचा छोटा आरसा असा ठेवायचा, की त्याची दांडी लोकांना दिसावी. सोलापुरात रेल्वेतून उतरून तुळजापूरच्या एस.टी.त बसले, ती कोट घालूनच. उन्हाळ्याचे दिवस, पाठ घामानं चिकटलेली. पण कोट काढला तर आपण कोण आहोत हे लोकांना कळणार कसं? तामलवाडीला एक म्हातारी चढली आणि माझ्याशेजारी बसली. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाली, "बरं झालं बाई, गाठ पडली. आमच्या सुनंला नववा लागलाय. पोट लई खाली आलंय. कवा मोकळी हुईल?"

मी म्हटलं, "आजी, मी दातांची डॉक्टर आहे."

म्हातारीनं जरा विचार केला. "मग लेकराला दात आल्यावर येते," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून तुळजापूरपर्यंत झोपली. कोटाची इस्त्री तिथंच गेली.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मुंबई राज्य झालं, मग महाराष्ट्र झाला. पण आमच्या भागात दात दुखला की लवंग, फार दुखला की नवस, हा कायदा काही बदलला नव्हता. वडील आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला शाळेत मास्तर होते. मुलगी शिकली याचा त्यांना अभिमान होता आणि शिकलेल्या मुलीचं पुढं काय करायचं याची काळजीही होती. कळंबचं एक स्थळ वाट बघत होतं. त्या लोकांना सून डॉक्टर हवी होती, फक्त तिचा दवाखाना नको होता. वडलांनी मला समोर बसवून सांगितलं, "एक वर्ष देतो. तुझ्या हाताखाली माणसं येतात असं मला दिसलं, तर तुझं तू बघ. नाहीतर पुढच्या लग्नसराईत कळंबकरांना होकार." म्हणजे ते वर्ष माझ्या शिक्षणानं सक्तीचं केलं नव्हतं, वडलांनी केलं होतं.

राहायला आत्या होत्या. तुळजापुरात पुजाऱ्यांच्या आळीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. वडलांची थोरली बहीण, विधवा, मूलबाळ नाही. वडलांना लहानपणी त्यांनीच कडेवर वाढवलेलं, त्यामुळं शाळेत पोरांना छडीचा धाक घालणारे आमचे वडील आपल्या या अक्कांसमोर आले की स्वतःच पाटी घेऊन उभे असल्यासारखे दिसायचे.

आणि शिकायला साहेब होते. देवळाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा दातांचा दवाखाना. हैदराबादेत शिकलेले, तिथंच उमेदीची वर्षं काढलेली, मराठी बोलता बोलता मध्येच दखनी उर्दूत घसरायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन कोपऱ्यातलं तरट उचललं. खाली दात बघायची एक खुर्ची होती, लोखंडी, लाल रेक्झिनची, आणि तिच्यावर प्लास्टरच्या पिशव्या ठेवलेल्या.

"हौसेनं मागवली होती," ते म्हणाले. "बसायला कुणी न्हाई. आता ऐक बेटी. मर्द लोक तुझ्यापुढं तोंड उघडणार न्हाईत. बायका माझ्यापुढं उघडत न्हाईत. म्हंजे निम्मा गाव माझ्या दवाखान्यात येतच न्हाई. तो निम्मा गाव तू आण. खुर्ची तुझी."

मी मनात म्हटलं, एवढंच? माझा कोट बघितला की रांग लागेल.

कुणी आलं नाही. खोटं कशाला सांगू, बायका पायरीपर्यंत यायच्या. पण पदर तोंडावर घट्ट, आणि दुखणं सांगायला नवरा. "हिची दाढ ठणकतीया," असं म्हणून नवरा स्वतःचा जबडा उघडायचा आणि बोट घालून दाखवायचा, "हितं." साहेब त्याच्या तोंडात डोकावून विचारायचे, "दुखतंय कुणाला, तुला का तिला?" "तिलाच, पर हितंच." मग साहेब कापसाचा बोळा आणि लवंगेचं तेल द्यायचे, ते नवऱ्याच्या हाती, आणि बायको पदराआडून हुंकार देऊन निघून जायची. एकदा दाखवता दाखवता साहेबांना नवऱ्याचीच दाढ किडलेली सापडली आणि ती काढून त्यांनी त्याला घरी धाडलं. बायकोची दुखत होती ती तशीच गेली.

मी काय करायची? हत्यारं उकळायची, प्लास्टर कालवायचं, साहेबांच्या हातात चिमटा द्यायचा. आणि बोकडांवर हात बसवायचा. तुळजापूर देवीचं गाव. तिथं बोकडाच्या जबड्यांना तोटा नव्हता. साहेब मला एकेक आणवून द्यायचे आणि मी मागच्या अंगणात बसून त्यातल्या दाढा उपटायची. पुजाऱ्यांच्या आळीतली मुलगी, मांडीवर बोकडाचं तोंड घेऊन. घरी जायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात घासायचे. तरी आत्या दारातच थांबवायच्या.

"वास कसला येतोय गं?"

"औषधाचा, आत्या."

"औषधाला शिंगं होती का?"

त्यांना सगळं कळायचं. तरी मला न्हाणीत पाणी काढून द्यायच्या आणि कुणाला बोलायच्या नाहीत. आतल्या खोलीला पडदा लावला तर बायका येतील, अशी कल्पना मी काढली, तेव्हाही त्यांनीच ट्रंक उघडली. वरती त्यांची फिकी लुगडी, आणि तळाशी एक गर्द हिरवं, रुंद काठाचं. त्यांनी घडी मोडून ते माझ्या हातावर टाकलं.

"हे? चांगलं आहे की अजून," मी म्हटलं.

"म्हणून तर देतेय. मला त्याचा काय उपयोग?"

मी ते घेऊन पळाले. हिरवा पडदा, पलीकडं लाल खुर्ची, बाजूला पांढरी मी. कसं दिसेल एवढंच माझ्या डोक्यात. आत्यांच्या चेहऱ्याकडं बघायला तिथं थांबायला हवं होतं, पण तेवढी अक्कल असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

पहिली बाई आली ती मंगळवारी. मंगळवार देवीचा वार, गावात गर्दी. बाई तामलवाडीकडची, बऱ्यापैकी शेतीवाडीच्या घरची, उंच, चाळिशीतली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एक गाल सुजून लिंबाएवढा झालेला. नवऱ्यानं रीतीप्रमाणं स्वतःचं तोंड उघडलं. मी म्हटलं, "मालक, तुमची दाढ चांगली आहे. बाईंना पडद्याआत पाठवा, आणि तुम्ही बाजार करून या."

तो बाईंकडं बघू लागला. बाईंनी मान हलवली. दुखणं एवढं होतं, की माझ्या जागी बोकड कापणारा खाटीक असता तरी त्या बसल्या असत्या. खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "लवकर आटप गं लेकी. आईची ओटी भरायची हाय. दाढंपायी सकाळधरनं देवळात गेले न्हाय." त्यांच्या पिशवीत खण, नारळ, बांगड्या दिसत होत्या.

मी सुई दिली, बधिर होऊ दिलं, चिमटा लावला आणि दाढ एका दमात बाहेर. बोकडांनो, तुमचे उपकार. बाईंना कळलंसुद्धा नाही. मी त्यांच्या तोंडात कापसाचा मोठा बोळा दाबून बसवला आणि म्हटलं, "मावशी, आता हा घट्ट चावून धरा. बोलायचं नाही."

इथं थांबले असते तर फार बरं झालं असतं.

पण माझं लक्ष त्यांच्या पुढच्या दातांवर गेलं. दातवण लावून काळेभोर झालेले, चकचकीत, सीताफळाच्या बियांसारखे. नातीला हे सांगायला हवं, कारण तिनं असे दात बघितलेले नाहीत. पूर्वी लग्न झालेल्या बायका दातवण लावायच्या, काळी पूड असायची ती, ओटीच्या सामानात हळदकुंकवाबरोबर मिळायची. आमच्या पिढीत शहरात ते गेलंच होतं. मुंबईच्या कॉलेजात असल्या दातांची चित्रं दाखवून सांगायचे, हे अज्ञान. आणि मी तर दात साफ करण्यात बक्षीस मिळवलेली. मनात म्हटलं, दाढ काढली ती काढली, बाईंना आणखी एक भेट देऊ. पैसेही मागायचे नाहीत.

साहेबांकडं पायानं चालवायचं यंत्र होतं, शिवणयंत्रासारखं. त्याला ब्रश लावला, खरखरीत पूड घेतली आणि सुरू झाले. बाईंचे डोळे मोठे झाले. "ऊं, ऊं," असा आवाज आला. मी म्हटलं, "दुखणार नाही मावशी, घाबरू नका." त्यांनी हात वर केला. मी तो प्रेमानं धरून खाली ठेवला. "ऊं ऊं ऊं." "झालंच, थोडं राहिलंय." मी पाय हाणतेय, तोंडानं गुणगुणतेय, आणि त्या बिचाऱ्या तोंडात माझाच बोळा घेऊन मला सांगायचा प्रयत्न करताहेत. आणि मला वाटतंय, केवढी कृतज्ञता.

पुढचे दात मोत्यासारखे निघाले. मी आरसा त्यांच्या हातात दिला. "बघा."

त्यांनी बघितलं. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आरसा पालथा ठेवला, बोळा हातात काढला आणि पदर तोंडावर घेतला. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "माझा मालक जिता हाय, पोरी."

मला कळेना. मी सांगायला लागले, की पांढरे दात म्हणजे निरोगी दात, मुंबईत तर... त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही.

"पांढरे दात कुणाचे असत्यात? कुवारणीचे न्हायतर रांडमुंड बाईचे. म्या आता आईम्होरं काय म्हणून उभी राहू? सासू घरला हाय माझी. ती काय म्हणंल? लेकाला खाऊन आली का देवळातून?"

तेव्हा मला आत्या आठवल्या.

मी लहान असताना आत्यांचे दातही असेच होते, काळे आणि चमकणारे. मग आत्यांचे यजमान वारले. काही दिवसांनी आम्ही त्यांच्याकडं गेलो, तेव्हा त्यांच्या कपाळावर काही नव्हतं, हात मोकळे होते, आणि दात राखुंडीनं घासून घासून पांढरे केलेले होते. बाकीचं मला कळण्यासारखं नव्हतं, पण दात दिसले. मी टाळ्या वाजवून म्हणाले, "आत्या, तुमचे दात किती छान झाले." माजघरातल्या सगळ्या बायका गप्प झाल्या. आत्यांनी मला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "हो ना?" एवढंच. इतकी वर्षं मी ते चांगलं बोललेल्यात मोजत होते.

मी बाईंना म्हटलं, "मावशी, बसून राहा. मी आलेच." आणि कोटासकट रस्त्यावर पळत सुटले. बाहेर साहेब एकाच्या तोंडात गुंतले होते, त्यांनी फक्त "अरे?" म्हटलं.

देवळाजवळ ओटीचं सामान विकणारी एक बाई बसायची. मी धापा टाकत म्हटलं, "दातवण द्या."

तिनं माझं मोकळं कपाळ बघितलं, मोकळा गळा बघितला. "लगीन कवा केलंस गं डाक्तरीणबाई? आमाला बोलावलं न्हाय ते."

"माझ्यासाठी नाही."

"समद्या अशाच म्हणत्यात," ती शेजारणीला म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. पुडी मिळाली मात्र.

परत आले तर पुढची अडचण. दातवण रोज थोडं थोडं चढत जातं, जुन्यावर नवं बसतं. मी तर दात काचेसारखे गुळगुळीत करून ठेवलेले. पहिला हात लावला तो लाळेत वाहून गेला. बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. माझ्या नशिबात न्हाय." आणि उठायला लागल्या.

मी त्यांना खांद्याला धरून बसवलं. दात कोरडा कसा ठेवायचा, हे तर माझं शिक्षण होतं. किडलेल्या दातात चांदी भरायच्या आधी आम्ही हेच करतो. ओठांखाली कापसाच्या गुंडाळ्या सरकवल्या, हातानं दाबायच्या रबरी फुग्यानं वारा घालून एकेक दात खडखडीत वाळवला. मग पातळ हात, वाळवणं, पुन्हा हात. पहिला दात धरू लागला, तशा बाईंनी माझा हात थांबवला. तोंडात गुंडाळ्या, त्यामुळं बोबडं बोलत म्हणाल्या, "तू कुवार. तुझ्या हातचं चालंल का?"

मला काय ठाऊक? त्यांनीच विचार केला आणि स्वतःच निकाल दिला. "चालंल. कुवारणीला तर आपण आईचं रूपच मानतो. लाव."

मी आयुष्यात एवढं मन लावून काही केलं नसेल. कोटाच्या बाह्या काळ्या, बोटं काळी, कपाळावर घाम पुसला तिथंही काळं. बक्षीस मिळवणारी मी, त्याच दातांवर, त्याच हातांनी.

नवरा बाजार करून आला. पडद्याबाहेरून विचारलं, "झालं का?" बाई बाहेर आल्या, गालाची सूज तशीच, आणि तोंडभर हसल्या. नवऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्या कपाळाकडं बघितलं.

"काढाय आलतो का लावाय?"

"दोनी," बाई म्हणाल्या, "आन चला बिगीबिगी, ओटी ऱ्हायलीया."

देवळातून परत जाताना त्या मुद्दाम वाकडी वाट करून आल्या आणि माझ्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं. घडलं ते कुणाला सांगणार नाही म्हणाल्या. आमच्याकडची बाई असं म्हणते तेव्हा काय होतं, ते सांगायला नको.

पुढच्या मंगळवारी पायरीवर तिघीचौघी होत्या. त्यातली एक नवऱ्याला म्हणाली, "तुमी हितंच बसा, तोंड मिटून." त्याच्या पुढच्या मंगळवारी आणखी. तामलवाडीच्या बाईंनी गावभर करून ठेवलं होतं, की पडद्यामागची पोरगी दाढ काढती, आणि वर दातवण असं लावून देती की महिनाभर हलत न्हाय. बायका दातवणासाठी यायच्या. पण दातवण लावायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की मागं काय काय साठलेलं असायचं ते मला दिसायचं. सडलेल्या दाढा, सुजलेल्या हिरड्या, वर्षानुवर्षं पदराआड झाकलेली दुखणी. मी त्यांच्याशी तह केला. पुढचे दात तुमचे, मागचे माझे. पुढं मी ब्रश लावणार नाही, मागं तुम्ही नाही म्हणायचं नाही. या तहावर मी चांदी भरायला शिकले, मुळापासून दाढ उकरायला शिकले, बायकांशी बोलायला शिकले. शेवटचं कॉलेजात नव्हतं.

साहेबांना सुगावा लागायला वेळ लागला नाही. त्यांच्या हत्यारांच्या ट्रेमध्ये काळे डाग पडायला लागले. एक दिवस पडदा सारून ते दारात उभे राहिले. मी एका बाईच्या तोंडापुढं फुगा दाबत होते.

"ये क्या काला कारभार लावलास? मुंबईला यासाठी गेली होतीस?"

मला वाटलं, संपलं. कळंब. मी म्हटलं, "साहेब, या बाईंच्या तीन दाढा भरल्यात मी. दातवण लावलं नसतं तर त्या आल्याच नसत्या."

ते बाहेर गेले. पायरीवर बसलेल्या बायका मोजत असावेत. परत आले तेव्हा हातात एक छोटी पाटी होती, औषध कालवायची, काचेची. "माझ्या ट्रेमध्ये न्हाई. ह्याच्यात कालव," म्हणाले. संध्याकाळी मी बघितलं तर खुर्चीमागच्या प्लास्टरच्या पिशव्या त्यांनी उचलून स्वतःच्या खोलीत ठेवल्या होत्या. खुर्ची माझी झाली, ती अशी. शब्दानं कुणी काही म्हणालं नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी आत्यांना सगळं सांगितलं. बाईंचं, बोळ्याचं, ऊं ऊंचं. आत्या भाजी निवडत होत्या. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता भाजीची परडी कलंडली. त्यांना तोंड उघडून हसताना मी लहानपणानंतर पहिल्यांदा बघितलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "वाळवायला फुगा कशाला हवा? जेवण झाल्यावर लावायचं आणि गप्प बसायचं, वाळेपर्यंत. हसायचं तर मुळीच नाही." त्यांनी परडी सरळ केली. "ते मुद्दाम हसवायला बघायचे. काहीबाही तोंडं करायचे. म्हणजे दातवण बिघडावं आणि आरशापुढं मी पुन्हा बसावं."

आत्यांचे यजमान कसे होते, हे मला तेवढंच माहीत आहे. पण पुरेसं आहे.

तुळशीचं लग्न झालं आणि वडील आले. कोणाला न सांगता थेट दवाखान्यात. पायरीवरच्या बायकांमधून वाट काढत आत आले, आणि नेमका पडदा सरकलेला. मी एका पाटलीणबाईंच्या दातांना काळा हात देत होते. वडील बघत राहिले. "हे काय?" मी सांगायला लागले, तह, मागचे दात, पुढचे दात. त्यांचा चेहरा वाचायची मला सवय होती. शाळेत गणित चुकलेल्या पोराला दाखवत तोच चेहरा.

घरी जेवताना म्हणाले, "माणसं येतात, दिसलं मला. पण ती नटायला येतात. यासाठी शिकवलं नव्हतं. कळंबकरांना मी होकार कळवतो."

आत्या वाढत होत्या. त्यांनी वडलांच्या ताटात भाकरी टाकली आणि सहज म्हणाल्या, "कळव की. पण माझ्या दाढेचं काय?"

"कसली दाढ, अक्का?"

"ही डावीकडची. लई दिवस झाले दुखतेय. हिनं अर्धी कोरून ठेवलीय. आता ही कळंबला गेली तर मी काय करू, कोरलेली दाढ घेऊन सोलापूरला हिंडू? पुरुष डॉक्टरापुढं तोंड उघडू या वयात?"

मी ताटावरून मान वर केली नाही. मी आत्यांच्या दाढेला कधी हात लावला नव्हता. त्या दवाखान्याच्या पायरीवरसुद्धा कधी चढल्या नव्हत्या.

वडील म्हणाले, "नाही, म्हणजे तुमची दाढ आधी पुरी होऊ द्या." मग माझ्याकडं वळून, "किती दिवस लागतील?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "तिला काय विचारतोस? दाढ माझी आहे. बरी वाटली की सांगेन."

दुसऱ्या दिवशी वडील वाशीला गेले आणि आत्या दवाखान्यात आल्या. डोक्यावरून पदर, भिंतीच्या कडेकडेनं. खुर्चीत बसून म्हणाल्या, "आता खोटं बोललेय तर बघून तरी घे." मी बघितलं. दाढ ठणठणीत होती. सगळ्याच ठणठणीत होत्या.

"काही करायला नको, आत्या."

"मग नुसती बसते थोडा वेळ. शंका यायला नको कुणाला."

त्या बसल्या. समोर त्यांचंच हिरवं लुगडं लोंबत होतं. त्यांनी हात लांब करून त्याचा काठ चाचपला. काचेच्या पाटीवर सकाळचं दातवण कालवलेलं होतं, त्याकडं त्यांची नजर गेली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पुढच्या दोन दातांना लाव बघू. जरासं."

मी ओठांखाली कापूस ठेवला, दात वाळवले आणि लावलं. आरसा दिला. यावेळी "बघा" म्हटलं नाही. त्या बघत राहिल्या. पडद्याबाहेर बायकांची कुजबुज, साहेबांचा "थूक, थूक" असा आवाज. आत्यांचे ओठ थरथरल्यासारखे झाले. मला वाटलं, रडतील. पण त्या हसू दाबत होत्या, कुणीतरी पलीकडून तोंडं करत असल्यासारखं.

"वाळलं का?" त्यांनी विचारलं.

"वाळलं."

"मग पूस आता."

मी पुसलं. अगदी हळू, ब्रश न लावता.

त्यानंतर महिन्यातून एकदा त्या येत राहिल्या. वाशीहून कुणी आलं की वडलांचा निरोप असायचा, अक्कांची दाढ कशी आहे. मी सांगायची, उपचार चालू आहेत. माघ गेला, फाल्गुन गेला, वैशाखातली लग्नं आटोपली. कळंबकर वाट बघून कंटाळले आणि त्यांनी दुसरी सून आणली, बिनदवाखान्याची. माझं लग्न पुढं झालं, ते खुर्चीसकट. साहेबांनी ती आहेरात दिली.

आत्यांची ती डावी दाढ शेवटपर्यंत शाबूत होती. माझ्या डॉक्टरकीतला सगळ्यात लांबलेला उपचार तोच.